पावसाळ्यात रात्री तीनला ओरडणारी रेंज : एफ-कोडचा माग कसा काढावा

मिरग लागला की आमच्या फोंड्याच्या घरात काही गोष्टी ठरलेल्या. कपाटातल्या कपड्यांना कुबट वास, मिठाच्या बरणीत पाणी, आणि रात्री कधीतरी स्वयंपाकघरातून पीं-पीं-पीं. पहिल्या वर्षी वाटलं, यजमानांचा मोबाईल. उठून बघते तर कुकिंग रेंजच्या मागच्या उभ्या पट्टीवर एफ आणि पुढे आकडे चमकताहेत, म्हणजे बिघाडाचा कोड. ओव्हन बंद, चारही शेगड्या बंद, कोणी कशाला हात लावलेला नाही. रद्द करायची कळ दाबली, थांबलं. दहा मिनिटांनी परत सुरू. शेवटी एमसीबी (रेंजची वीज तोडणारा स्विच) पाडला आणि झोपले. सकाळी चालू केली तर रेंज अगदी गरीब गाईसारखी.

ऑक्टोबरात त्रास आपोआप गेला, जूनमध्ये परत आला. असे तीन पावसाळे. त्या काळात दोनदा कीपॅड, म्हणजे दाबायच्या कळांचा भाग, बदलून झाला, आणि तिसऱ्यांदा आलेल्या मेकॅनिकने "वयनी, आता बोर्डच घाला, नाहीतर हे संपायचं नाही" असं सांगितलं. बोर्डाची, म्हणजे रेंज चालवणाऱ्या आतल्या इलेक्ट्रॉनिक पाटीची, किंमत ऐकून मी त्याला चहा दिला आणि पाठवून दिलं. मग मात्र स्वतःच मागे लागले. जे हाती लागलं ते इथे लिहिते आहे, कारण गोव्यात दमट हवेत असली यंत्रं वापरणाऱ्या बऱ्याच घरांत हीच रड असते.

रेंज कसली ते सांगते, म्हणजे पुढचं नीट कळेल. दिरांनी आखातातून कायमचं परतताना आणलेली. वर विजेच्या चार शेगड्या, खाली ओव्हन, आणि कळा समोर नसून मागच्या उभ्या पट्टीवर. ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवा. मी घरून ऑर्डरी घेते, नाताळात बेबिंका (थरांचा गोड केक) आणि बोलिन्हास (नारळाची बिस्किटं), चवथीच्या आधी नानकटाई. त्यामुळे ओव्हन बंद पडला की नुसती गैरसोय होत नाही, धंदा बसतो.

कोड म्हणजे सुट्या भागाचं नाव नव्हे

माझी पहिली चूक हीच होती, आणि मेकॅनिकचीही. कोडाच्या यादीत "कीपॅड" लिहिलंय म्हणजे कीपॅड गेला, "सेन्सर" लिहिलंय म्हणजे ओव्हनचं तापमान मोजणारा सेन्सर गेला. बोर्डाला ना डोळे ना नाक. त्याच्याकडे येतात काही तारा, आणि त्या तारांवर जे दिसलं तेवढंच तो बोलतो. "सेन्सर उघडा" याचा अर्थ सेन्सरपासून बोर्डापर्यंतच्या वाटेत कुठेतरी वीज जात नाही. सेन्सर मेला असेल, किंवा मधला कनेक्टर गंजला असेल, किंवा तार उंदराने कुरतडली असेल. "कळ अडकली" याचा अर्थ कोणती तरी कळ बराच वेळ दाबलेली आहे असं बोर्डाला वाटतंय. ती कुणी दाबली, हे त्याला ठाऊक नाही.

आणि कोडांची भाषा प्रत्येक कंपनीची वेगळी. एफ२ घ्या. जीईच्या बऱ्याच इलेक्ट्रिक रेंजवर एफ२ म्हणजे ओव्हन मर्यादेपलीकडे तापला. बॉशच्या इंडक्शन हॉबवर (ओव्हन नसलेल्या, नुसत्या शेगड्यांच्या यंत्रावर) एफ२ म्हणजे आतलं इलेक्ट्रॉनिक्स गरम झालं म्हणून ती एक शेगडी बंद केली. व्हर्लपूलच्या रेंजवर एफ२ई० कीपॅडकडे बोट दाखवतो. एफ४चीही तीच गत : जीईकडे सेन्सर शॉर्ट, बॉशच्या हॉबवर इलेक्ट्रॉनिक्स इतकं तापलं की सगळ्याच शेगड्या बंद. फ्रिजिडेअरची यादी आणखी निराळी, तिथे एफ१० म्हणजे तापमान हाताबाहेर, एफ११ म्हणजे कीपॅड शॉर्ट, एफ३० सेन्सर उघडा, एफ३१ सेन्सर शॉर्ट. तेव्हा व्हॉट्सअ‍ॅपवर कोणी "एफ२ ना? सेन्सर बदल" म्हणालं तर आधी त्याची रेंज कोणती ते विचारा.

आपल्या मॉडेलची खरी यादी बहुतेक वेळा यंत्रातच असते. मॉडेल नंबरची पट्टी ओव्हनचं दार उघडल्यावर चौकटीवर किंवा खालचा ड्रॉवर ओढल्यावर आत दिसते. अमेरिकी बनावटीच्या रेंजमध्ये तंत्रज्ञासाठी घडी केलेला एक कागद असतो, ड्रॉवरमागे किंवा कळांच्या पट्टीच्या आत. त्यावर कोड, वायरिंगचं चित्र, सेन्सरचे ओहम (विजेला होणाऱ्या अडथळ्याचं, म्हणजे रोधाचं माप), सगळं असतं. आमचा कागद पहिल्या दुरुस्तीतच "आत कसला कचरा होता" म्हणून फेकला गेला. तुमचा फोटो काढून ठेवा.

कॅलेंडरवर खुणा

कोड दिसल्यावर हात आपोआप स्विचकडे जातो. आधी फोटो काढा, मग बंद करा. एमसीबी पाडून पाचेक मिनिटांनी चालू केला की बऱ्याच बोर्डांच्या पडद्यावरून कोड पुसला जातो आणि पुरावाही गेला.

त्यानंतर बघायचं ते एवढंच, की कोड परत केव्हा येतो. थंड रेंजला वीज देताक्षणी आला, तर दोष कायमचा आहे, शोधायला सोपा. ओव्हन तापल्यावर वीस-तीस मिनिटांनी आला, तर उष्णतेने सुटणारी जोडणी किंवा सेन्सर. रात्री, काही चालू नसताना, पावसाळ्यातच आला, तर ओल. ठरावीक वेळी, म्हणजे संध्याकाळी सगळ्या घरांचे दिवे लागल्यावर आला, तर व्होल्टेजकडे बघा. हे नियम अगदी पक्के नाहीत, पण बोर्ड विकत घेण्याआधी फुकट मिळणारी एवढी चांगली माहिती दुसरी नाही.

मी भिंतीवरच्या कालनिर्णयावर खुणा करायला लागले. ज्या रात्री रेंज ओरडली त्या चौकटीत पेन्सिलने फुली आणि वेळ. जुलै संपता संपता पान फुल्यांनी भरलं होतं, वेळ बहुतेक दोन ते चारच्या मधली. मी फुल्यांकडेच बघत होते. चाळणाऱ्या नजरेने बघितलं ते सासूबाईंनी. त्या म्हणाल्या, "एकादशीला नाही बघ कधी ओरडली."

खरंच, दोन्ही एकादश्यांच्या चौकटी कोऱ्या. आणखी दोन कोऱ्या होत्या, त्या आम्ही पेडण्याला बारशाला गेलो होतो त्या. आमच्याकडे सासूबाई दोन्ही एकादश्या पाळतात आणि त्या दिवशी घरात भात होत नाही. एरवी संध्याकाळी उकड्या तांदळाचं तोप चढतं. हा तांदूळ पाऊण तास घेतो, भरपूर पाण्यात, अर्धवट झाकणीखाली, वर पेज काढायची. आणि ते मोठं तोप मी ठेवायची मागच्या डाव्या शेगडीवर, कारण पुढच्या शेगड्या आमटी-भाजीला लागतात. म्हणजे रोज पाऊण तास वाफेचा लोट थेट मागच्या उभ्या पट्टीवर, बरोबर कळांवर.

हे कळल्यावर मी काही वेळ ओट्याशी नुसती उभी राहिले. तीन वर्षं.

कळ "अडकते" कशी

या रेंजांचा कीपॅड सपाट प्लॅस्टिकचा असतो. दोन पातळ थर, दोन्हींवर चांदी किंवा कार्बन मिसळलेल्या शाईच्या रेघा, मध्ये भोकं पाडलेला तिसरा थर. बोट दाबलं की भोकातून वरची रेघ खालच्या रेघेला टेकते. बोर्ड आडव्या-उभ्या ओळी तपासत असतो, कुठली आडवी कुठल्या उभीला लागली त्यावरून कळ ओळखतो. आता थरांच्या कडेतून ओल शिरली आणि दोन रेघांमध्ये पाण्याचं पातळ पटल तयार झालं की बोर्डाच्या दृष्टीने तिथे बोट टेकलंय. एखादा सेकंद असतं तर सोडून दिलं असतं, पण ते सुटतच नाही, म्हणून तो कोड दाखवून ओरडतो.

संध्याकाळी वाफ शिरते तेव्हा पट्टी गरम असते. मध्यरात्रीनंतर स्वयंपाकघर गार होतं, आतली वाफ पाणी बनून बसते. तीन वाजता ओरडायचं कारण हे. मे महिन्यात तोच भात, तीच शेगडी, पण बाहेरची हवा ती ओल सुकवून टाकते. जुलैत हवाच भिजलेली, ती काय सुकवणार.

दोष कीपॅडमध्ये की बोर्डात, हे ठरवायची साधी परीक्षा आहे. रेंजचा एमसीबी पाडा. नुसतं रेंजचं बटण बंद करून चालत नाही, रेंजला थेट जाडी वायर आलेली असते. मल्टिमीटरने वीज खरोखर गेल्याची खात्री करा, आणि एकटे असाल तर हे काम उद्यावर टाका. मागची पट्टी उघडा, कीपॅडची चपटी रिबन बोर्डाच्या सॉकेटमधून सरळ ओढून काढा. वाकडी ओढू नका, तिच्यावरच्या रेघा निघतात. मग पट्टी पूर्ण बंद करून वीज द्या आणि थांबा. कोड आला नाही, तर बोर्ड बरा आहे, भानगड कीपॅडमध्ये. रिबन काढूनही तोच "कळ अडकली" कोड आला, तर बोर्ड. काही नव्या बोर्डांवर रिबन नसेल तर "कीपॅड सापडत नाही" असा वेगळाच कोड येतो, त्याने घाबरू नका. तोही बोर्ड जागा असल्याचाच पुरावा.

कीपॅडमध्ये आहे असं ठरलं तरी लगेच नवा मागवू नका. रिबनची टोकं पांढऱ्या खोडरबराने हलक्या हाताने पुसा, सॉकेटमध्ये आयसोप्रोपिल अल्कोहोलचा थेंब टाकून ब्रशने साफ करा, सुकू द्या, परत बसवा. फोंड्यात समुद्राची खार तेवढी जाणवत नाही, पण मिरामार-कळंगुटच्या बाजूला राहणाऱ्यांनी हे दर पावसाळ्याआधी करावं, तिथे पिना हिरव्या पडलेल्या दिसतात. मग कीपॅडला कोमट हवेवर हेअर ड्रायर दाखवा, हातभर लांबून, दहा-पंधरा मिनिटं. कडक गरम हवा नको, प्लॅस्टिक वाकतं.

मी पुढे एक केलं. कीपॅडच्या वरच्या आणि दोन्ही बाजूंच्या कडेला सिलिकॉनची बारीक रेघ ओढली, खालची कड मोकळी ठेवली, म्हणजे आत शिरलेलं पाणी बाहेर यायला वाट राहील. सिलिकॉन घेताना न्यूट्रल क्युअर लिहिलेलाच घ्या. बाथरूमचा स्वस्त सिलिकॉन सुकताना व्हिनेगरसारखा वास सोडतो, तो आम्ल आहे आणि तांब्याला खातो. आणि भाताचं तोप पुढच्या शेगडीवर आलं. भाजी मागे गेली. सासूबाईंची कुरकूर आठवडाभर चालली.

पट्टीवर क्लिनर थेट फवारणं हीदेखील कळा भिजवायची हमखास रीत. फडक्यावर फवारा, मग पुसा.

बेबिंका, उघडं दार आणि सेन्सर

दुसरा कोड मला नाताळात भेटायचा आणि त्याचं मूळ वेगळं होतं. हा ओव्हन तापलेला असतानाच यायचा, कधी "तापमान जास्त", कधी सेन्सरचा. महिनाभर आधीपासून एक लक्षण दिसत होतं, पण मी ते पीठ, अंडी, साखर यांच्यावर ढकलत होते. बोलिन्हास नेहमीच्या वेळेत पांढरेच राहत होते. पडद्यावर १८०, आतले पदार्थ कच्चे.

याचं गणित समजलं की मजा येते. बऱ्याच ओव्हनचा सेन्सर म्हणजे प्लॅटिनमची अशी तार, जिचा रोध तापमानाबरोबर वाढतो. १,००० ओहम जातीचा सेन्सर ० अंशाला १,००० ओहम दाखवतो, आपल्या ३० अंशांच्या स्वयंपाकघरात साधारण १,११७, आणि २०० अंशांना सुमारे १,७५९. म्हणजे अंशाला पावणेचार ओहमच्या आसपास. काही युरोपीय ओव्हनमध्ये ५०० ओहमची जात असते, ती खोलीच्या तापमानाला ५५०-५६० दाखवते. आता सेन्सर आणि बोर्ड यांच्या मधला कनेक्टर गंजला आणि त्याने स्वतःचे १०० ओहम भर घातले, तर बोर्डाला ओव्हन २७-२८ अंशांनी जास्त गरम वाटतो. तो एलिमेंटची, म्हणजे ओव्हन तापवणाऱ्या नळीची, वीज लवकर तोडतो. पडद्यावर १८०, आत दीडशेच्या थोडं वर. गंज वाढत गेला की कधीतरी आकडा बोर्डाच्या कल्पनेपलीकडे जातो, मग कोड. म्हणजे कच्चा केक हा कोडाच्या कितीतरी आधी आलेला निरोप असतो. बाजारात मिळणारं साधं ओव्हन थर्मामीटर आत ठेवून पडद्याशी ताडून बघा. काटा दर आवर्तनात थोडा वर-खाली होणारच, अर्ध्या तासाचा अंदाजे मध्य धरा.

मोजायची पद्धत : एमसीबी पाडा, ओव्हन पूर्ण गार होऊ द्या, बोर्डाकडच्या टोकाला सेन्सरचा कनेक्टर काढा आणि तिथून ओहम मोजा. मग तोच आकडा सेन्सरच्या अगदी जवळ, ओव्हनच्या मागच्या बाजूला मोजा. दोन्हींत फरक असेल तर दोष मधल्या वायरिंगचा. दोन्हीकडे सारखाच पण चुकीचा आकडा असेल तर सेन्सरचा. आकडाच येत नसेल तर कुठेतरी तुटलंय, शून्याजवळ असेल तर शॉर्ट. सेन्सरच्या तारेपासून ओव्हनच्या पत्र्यापर्यंतही मोजा, तिथे काहीच जोड दिसता कामा नये. मोजताना कोणाला तरी वायर हळूच हलवायला सांगा. आमचा आकडा भाच्याने वायर हलवली तसा १,१२० वरून १,२४० वर गेला, आणि चोर तिथेच सापडला : ओव्हनच्या पाठीमागचा, पावसाळ्यात भिंतीला ओल आली की भिजणारा कनेक्टर. पिना काळ्या पडलेल्या.

तिथे एक सूचना. जोड नव्याने करताना इन्सुलेशन टेप गुंडाळू नका, ती तिथल्या उष्णतेत वितळून चिकट राळ होते. साधं सोल्डरही नको, शिसं-कथलाचं सोल्डर १८३ अंशांनाच वितळतं. क्रिम्प करून (पक्कडीने दाबून जोडून) वर चिनीमातीचं कनेक्टर घालतात, इलेक्ट्रिकच्या दुकानात गिझर-ओव्हनचं म्हणून मागितलं की देतात. दोनशे रुपयांच्या आत काम झालं. याच कामासाठी आधी सेन्सरची ऑर्डर देऊन बसले होते.

आता बेबिंका. ती थराथराने वरच्या आचेवर भाजायची. एक थर रंगला की दुसरा ओतायचा, सात थर म्हणा, मोठ्या ऑर्डरीला त्याहून जास्त. प्रत्येक थराला दार उघडायचं, आणि घाईत ते अर्धवट उघडं ठेवून आत बघत बसायचं. आमच्या घरात दोन-दोन तास असं चालतं. दारातून सुटणारी गरम हवा सरळ वर येते आणि पट्टीच्या आतल्या बोर्डाला भाजते. बोर्ड तापला की काही यंत्रं कोड दाखवून ओव्हन बंद करतात, काही नुसती विचित्र वागतात. समोर कळा असलेल्या बिल्ट-इन ओव्हनमध्ये हा प्रकार जास्त, तिथे बोर्ड दाराच्या अगदी डोक्यावर असतो. पुस्तिकेत दार उघडं ठेवून ग्रिल करा असं लिहिलेलं नसेल तर ते बंदच ठेवा. बिल्ट-इन असेल तर थंड करणारा पंखा चालतो का ते ऐका. ओव्हन बंद केल्यावरही तो काही वेळ घरघरत राहतो, ते बरोबर आहे. त्या वेळी मुख्य स्विच पाडायची सवय असेल तर मोडा. वीज वाचवायच्या नादात आमच्या यजमानांनी हे वर्षभर केलं.

बाकी गोष्टी थोडक्यात, एक सोडून

जी सोडून ती आधी. ओव्हन बंद केलाय, पडदा बंद म्हणतोय, तरी आत गरम होतंय किंवा लाल दिसतंय, तर कोडाची वाट बघू नका. बोर्डावरच्या रिलेचे (एलिमेंटची वीज चालू-बंद करणाऱ्या छोट्या स्विचचे) संपर्क एकमेकांना चिकटले असण्याची दाट शक्यता. एमसीबी पाडा आणि दुरुस्त होईपर्यंत पाडलेलाच ठेवा. रिलेत मुंग्या शिरूनही संपर्क बिघडतात. आपल्याकडच्या बारीक लाल मुंग्यांना उबदार बोर्ड फार आवडतो. रेंजखाली साखर सांडू देऊ नका एवढंच त्यावर औषध, कीटकनाशक बोर्डावर मारायचं नाही.

पहिल्या पावसात ओव्हन लावला की कोड न येताच घराचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) उडतो, अशी तक्रार शेजारच्या काकींची होती. ते एलिमेंटचं दुखणं. एलिमेंटच्या नळीत मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड भरलेली असते आणि ती हवेतली ओल पिते. महिनाभर न वापरलेल्या ओव्हनमधून ओलीमुळे थोडी वीज पत्र्यात गळते, ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी उडणारच, आणि तो बरोबर काम करतोय. त्याला बायपास करून ओव्हन "सुकवायला" लावणारे इलेक्ट्रिशियन भेटतात, त्यांना नाही म्हणा. मेगर (गळती तपासायचं मीटर) असलेला माणूस बोलावून गळती मोजून घ्या, एलिमेंट काढून तो सुकवता येतो. पावसाळाभर आठवड्यातून एकदा अर्धा तास ओव्हन चालवला तर ही वेळच सहसा येत नाही.

व्होल्टेज. २३० च्या जागी १९० आलं तर एलिमेंटची शक्ती ६८ टक्क्यांवर येते, कारण ती व्होल्टेजच्या वर्गाने घटते. २,००० वॅटचा एलिमेंट १,३६५ वॅटचा होतो. ओव्हन तापायला इतका वेळ लागतो की काही यंत्रं "तापतच नाही" असा कोड देतात. मोजायचं ते ओव्हन चालू असताना, इतर वेळचा आकडा उपयोगाचा नाही, आणि चालू वीज मोजणं इलेक्ट्रिशियनवर सोडा. प्लग मोकळा असताना २३० आणि भाराखाली २०० असेल तर घरातलीच एखादी जोडणी सैल आहे, बहुधा स्विचच्या मागे काळी पडलेली. उलट, वाऱ्यात माडाचं चुडत तारांवर पडून न्यूट्रल तुटला की तीन फेजच्या घरात एखाद्या फेजवर ३०० च्या वर व्होल्टेज जातं, त्यात बोर्ड खरोखरच जळतो. दिवे अचानक प्रखर झाले तर पहिलं काम रेंजचा एमसीबी, दुसरं वीज खात्याला फोन. बॉशच्या हॉबवर ई९००० किंवा ई९०१० दिसला तर तो व्होल्टेज मर्यादेबाहेर असल्याचाच कोड. तिथे हॉब दुरुस्तीला पाठवून काही मिळणार नाही.

इंडक्शनवाल्यांनी आतलं झाकण उघडू नये. २३० व्होल्टपासून आत सुमारे ३२५ व्होल्टची डीसी वीज साठते आणि प्लग काढल्यावरही काही वेळ कपॅसिटरमध्ये राहते. खालच्या पंख्याची जाळी बाहेरून साफ करणं एवढंच आपलं. "भांडं नाही" असा कोड आला तर तळाला लोहचुंबक लावून बघा, चिकटलं नाही तर भांडंच चुकीचं.

दाराच्या कुलुपाचा कोड हा सेल्फ-क्लीन असलेल्या ओव्हनचा. साफ करताना तो साधारण ४८० अंशांपर्यंत जातो, दाराचं कुलूप, त्याचा छोटा स्विच, सुरक्षा कटआउट, सगळ्यांची परीक्षा होते. चवथीच्या किंवा नाताळच्या आदल्या दिवशी सेल्फ-क्लीन लावायची दुर्बुद्धी होऊ देऊ नका. साफ करायचा तर सण उरकल्यावर.

आणि घड्याळ. काकींची रेंज सौदीहून आली आहे, तिचं घड्याळ तासाला बरोबर १० मिनिटं मागे पडतं. तिकडे वीज ६० हर्ट्झची, इथे ५०. विजेची आवर्तनं मोजून चालणारं घड्याळ ६० मोजतं तेव्हा एक सेकंद झाला असं समजतं. यात बिघाड काहीच नाही, फक्त टायमर लावून केक भाजला तर ४० मिनिटांचे ४८ होतात. काकींचे केक करपतात ते का, हे त्यांना सांगायचं राहिलंय. अमेरिकेहून रेंज आणणाऱ्यांनी मात्र लावायच्या आधी विचारून घ्या. त्यांच्या रेंजमधले काही भाग १२० व्होल्टवर चालतात, आपल्या २३० वर ते पहिल्याच दिवशी जातील.

तोप पुढे आल्यापासून दुसरा पावसाळा चालू आहे. ऑगस्टमध्ये एकदाच ओरडली, नणंद राहायला आली होती आणि तिने सवयीने पेज मागच्या शेगडीवर ठेवली. कालनिर्णयात तेवढी एकच फुली आहे.

बदललेले दोन्ही कीपॅड मी टाकले नव्हते, ड्रॉवरमध्ये होते. मे महिन्यात चार दिवस उन्हात ठेवले आणि भाच्याकडून एकेक कळ मल्टिमीटरवर तपासून घेतली. दोन्ही धडधाकट आहेत. प्रत्येकी साडेसहा हजार.